बेर्लेवोगचा धक्का

नॉर्वेतल्या घरी येऊन तीन दिवस झाले, तरी बेर्लेवोग बंदराचा तो धक्का डोळ्यांसमोरून हलत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ट्रॉन्डहाइमहून हुर्टिगरुटेनने किर्केनेसला गेलो. 1893 पासून नॉर्वेच्या किनाऱ्याने चाललेली ही बोट बर्गन ते किर्केनेस 34 बंदरं घेते. नॉर्दर्न लाइट्सचे फोटो सगळ्यांनी पाहिलेतच, त्यामुळे ते राहू दे.

ट्रॉम्सोच्या पुढे सूर्य उगवतच नाही. दुपारी दोनेक तास आभाळ निळं होतं, मग पुन्हा काळोख. दिवस कळतो तो जेवणावरून आणि बंदरांवरून. उघड्या समुद्राला लागलं की कपाटाची दारं आपटतात, टेबलावरचा पेला सरकतो. मला बोट लागली. जेवणघरातल्या मुलीने न मागता कोरडी बिस्किटं आणून दिली आणि खालच्या मजल्यावर मधोमध नेऊन बसवलं.

रात्री दहाच्या सुमारास बेर्लेवोग आलं. बर्फ आडवा उडत होता. उतरणारी एकच आजी. एका खलाशाने तिचा हात धरला, दुसऱ्याने पिशव्या घेतल्या. खाली नातू स्पार्क घेऊन उभा, म्हणजे मागून ढकलायची खुर्चीची घसरगाडी. आजी तिच्यावर बसली आणि गेली. तोवर फोर्कलिफ्टने दुकानाचं सामान उतरवलं होतं. पाव तासात बोट सुटलीसुद्धा. एका म्हातारीसाठी, अशा हवेत, एवढी मोठी बोट!

मला आमची आजी आठवली. ती भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायची. कोकणात जयगडला बोट लांब उभी राहायची, पडाव, म्हणजे छोटी होडी, यायचा, आणि कडेवर मूल घेऊन हलत्या शिडीवरून त्यात उतरायचं. पावसाळ्यात तर बोट बंदच. पुढे ती कायमचीच बंद झाली.

या नॉर्वेवाल्यांचं काय, जेमतेम 55 लाख माणसं, तेलाचा पैसा, आणि या फेऱ्यांसाठी सरकार पैसे मोजतं. हे मी त्या रात्री नवऱ्याला तीनदा सांगितलं. शिवाय आपली वस्तीची एसटी आहेच. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात आणि पहाटे शाळेची पोरं, दूधवाले, आजारी माणसं घेऊन निघतात. तशी गाडी मी इथे नॉर्वेत पाहिली नाही, आणि तिचा मला अभिमान आहे.

पण शेजारी बसलेल्या बेर्लेवोगच्याच एका काकांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी इथेही धक्क्याला बोट लागत नसे. होडीतून बोटीपर्यंत जायचं, तेही याच समुद्रात. मग लाटा अडवायला बांध घातले. ते वादळात फुटले, तेव्हा काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे रचून पुन्हा घातले. मरीन ड्राइव्हला आहेत ना, तसलेच. त्यावर मला काही बोलता आलं नाही. जयगडची खाडी याहून कितीतरी शांत आहे.

दिवाळीला गावी आले नाही आणि इकडे फिरायला गेले, म्हणून गावच्या घरात नाराजी आहे. आठवडाभराच्या सुट्टीत रत्नागिरी गाठून परत येणं होत नाही, एवढंच सांगते.

काल आजीला फोन केला. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "त्या म्हातारीला पडावात उतरवलं काय गो?"

"नाही आजी, धक्का आहे तिथे."

"मग बरं. थंडीत पाय भिजले नसतील तिचे."