गाल टेकवला की जड होणारा ट्रिगर

चाचणीसाठी आलेली बुलपप, म्हणजे मॅगझिन ट्रिगरच्या मागे असलेली आखूड रायफल, ५.५६ × ४५ मिमी काडतुसाची होती. नळी ४२० मिमी, एकूण लांबी ६७० मिमी. नेहमीच्या मांडणीच्या रायफलला एवढी नळी बसवली, तर दस्ता उघडल्यावर लांबी ८५० मिमीच्या पुढे जाते. बुलपप घ्यायची ती याच फरकासाठी. मात्र त्यात ट्रिगर बोटाशी राहतो आणि सिअर-हॅमर (गोळी झाडणारा हातोडा आणि त्याला अडवून धरणारी खीळ) मॅगझिनच्या मागे, थेट दस्त्यात जातात. दोघांना जोडणारी वीतभराहून लांब पट्टी दस्त्याच्या आतून, बरोबर गालाखालून सरकते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९७७ मध्ये स्टायर ऑग घेतली, तेव्हापासून प्रत्येक बुलपपला हा प्रश्न आपापल्या परीने सोडवावा लागला आहे.

१०० मीटरवर झीरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी लागतील अशी साईट जुळवली. साईट नळीपासून ७ सेमी उंच असल्याने १० मीटरवर गोळी सुमारे ६ सेमी खाली लागली; ते अपेक्षितच होतं. मग वाळूच्या पिशव्यांवरून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेतले, म्हणजे छिद्रं किती पसरतात ते मोजलं. पहिला ४० मिमीचा, छान. तिसरं मॅगझिन संपेपर्यंत ग्रुप ९० मिमीवर गेला होता, आणि पसरण्याची तऱ्हा ठरलेली होती: तीन छिद्रं एकमेकांना चिकटून, दोन खाली डावीकडे.

खाली डावीकडे म्हटलं की उजव्या हाताच्या नेमबाजावर संशय जातो.

"ट्रिगर झटकताय का?"

"नाही सर, मध्येच जड लागतोय."

नेमबाज बदलला, तेच. काडतुसांचा लॉट बदलला, तेच. साईटच्या स्क्रूंवर सुरुवातीलाच रंगाची रेघ मारून ठेवली होती, ती जागची हलली नव्हती. मॅगझिन काढलं, हँडल मागे ओढून चेंबर नजरेने आणि बोटाने तपासलं. बुलपपचा चेंबर काखेजवळ असतो, खांद्यावर असताना तो दिसतच नाही. म्हणून रायफल खाली घेतल्याशिवाय ती रिकामी आहे असं म्हणायचंच नाही. मग ती पाळण्यात, म्हणजे रायफल पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, बसवून ट्रिगर ओढायला लागणारा जोर मोजणारा गेज लावला. प्रत्येक वेळी कॉक करून दहा ओढी: सरासरी ३.१ किलो, फरक जेमतेम १०० ग्रॅमचा. निर्दोष!

पण पाळण्यात रायफलला गाल नसतो. सहकाऱ्याने गालाच्या जागी तळहात घट्ट दाबून धरला आणि मी पुन्हा ओढलं. ३.६, ३.९, ४.१. शेवटच्या टप्प्यात पट्टी अडखळून एकदम सुटल्याचं बोटाला स्पष्ट कळत होतं.

गालाखालची पॉलिमरची झडप काढली. पट्टीच्या कडेवर दोन बोटं लांबीचा चकचकीत ओरखडा होता आणि झडपेच्या आतल्या उभ्या कण्याखाली काळी बारीक भुकटी साचली होती. गालाच्या दाबाने झडप आत वाकते आणि कणा पट्टीवर घासतो. तीन मॅगझिनच्या उष्णतेने पॉलिमर आणखी नरम पडलं, म्हणून दोष उशिरा वर आला. नेमबाजाचं बोट हे अडखळणं ओलांडायला जोर लावतं, आणि गोळी सुटायच्या क्षणी नळीचं टोक खाली जातं.

तो कणा कानशीने घासून टाकायचा मोह होतो. तसं कधीही करू नये; नमुन्याला हात लावला की तो नमुना राहत नाही. आम्ही झडप काढून ठेवली, गालाखाली दुमडलेला कपडा दस्त्याच्या टणक कडांवर टेकवला आणि पुन्हा पाच गोळ्या झाडल्या: ४२ मिमी. झडप परत लावली: ८५ मिमी. कारण पक्कं झालं.

अहवालात मी ट्रिगरचं वजन एका आकड्यात लिहिलं नाही. पाळण्यात, गालाच्या दाबाखाली थंड आणि गालाच्या दाबाखाली तापलेली, अशा तीन ओळी लिहिल्या. संध्याकाळी, ९० गोळ्याही न झाडलेल्या दुसऱ्या नमुन्याची झडप उघडली. पट्टीच्या त्याच जागी नखाएवढा ओरखडा उमटलेला होता.