पाच पाव

रांगेत पुढे चार माणसं होती, तेवढ्यात मी वाक्य सहा वेळा घोकून घेतलं. इश हेटं गेर्न फ्युन्फ ब्र्योटशन. मला पाच पाव हवेत, एवढंच. लेकीकडे स्टुटगार्टला जायचं म्हणून साठीला टेकताना पुण्यात जर्मनचा क्लास लावला होता, त्याची ही तोंडी परीक्षा.

वाक्य न अडखळता बाहेर पडलं. काउंटरमागच्या बाईंनी पाव पिशवीत टाकले आणि हसून विचारलं, "सोन्स्ट नोख वास?" मी गार! घोकले होते ते फक्त माझे संवाद. समोरच्या पात्रालाही संवाद असतात हे ध्यानातच आलं नव्हतं. "आणखी काही?" आपला वाणी दिवसातून शंभरदा विचारतो तोच प्रश्न. मी "या, या" म्हणत राहिले आणि त्या थांबून राहिल्या, कारण "हो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने पुढे काहीतरी मागायचं असतं. शेवटी बोट दाखवून एक प्रेत्झेल घेतला. मुळीच नको होता.

खरं तर मराठी माणसाला जर्मन फार परकी वाटू नये. पंचवीसला तेही आधी पाच म्हणतात, मग वीस. तीन लिंगं त्यांच्याकडे आहेत, तशी आपल्याकडेही. फक्त वाटणी निराळी. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसक. सुखाने जेवायलाही बसू देत नाहीत.

परभाषेच्या वर्गातली धास्ती मोजायला इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये 33 विधानांची एक मोजपट्टी केली. आपण बोललो की वर्गातले बाकीचे हसतील अशी भीती वाटते, हे त्यातलं एक. वर्गातले बाकीचे! म्हणजे ज्यांची ती भाषा आहे ते नव्हेत. बेकरीवाल्या बाईंची मला दुसऱ्या दिवशी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती जावई बरोबर असले की. एकदा कॉफी मागताना ते मागून हळूच म्हणाले, "आई, देअर नाही, देन." अगदी प्रेमाने, आणि बरोबरच. पुढचे तीन दिवस मी पाव आणायला त्यांनाच पाठवलं.

पुण्याला परत आले. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला मूळचा बिहारचा, पण माझ्याशी हौसेने मराठी बोलतो. परवा म्हणाला, "काकू, मेथी एकदम ताजा आहे."

"ताजी," मी म्हटलं. "मेथी ती असते ना, म्हणून ताजी."

तो हसला, मान डोलावली, जुडी पिशवीत टाकली. काल गेले तर म्हणाला, "आइए आंटी, क्या दूँ?"