लिंबाच्या वासाचा रुमाल

बुधवार, रात्र

मक्केहून उमरा करून आलेल्या खालाने, म्हणजे मावशीने, खजुराच्या डब्याबरोबर ते पाकीटही हातात ठेवलं. विमानात हात-तोंड पुसायला ओला रुमाल देतात, त्याचं. दोन मिळाले होते, एक वापरला, एक पर्समध्ये राहिला. "ठेव गो, पोराच्या दप्तरात चालेल." आणि मग जमजम ओतता ओतता सहज विचारल्यासारखं, "एहरामात वापरला तो चालला असेल ना? बसमधली एक बाई म्हणत होती, दम लागला म्हणून, बकरा द्यावा लागेल."

मी म्हटलं, "बघते."

एवढंच म्हटलं. उत्तर येत होतं तरीही. एहराम म्हणजे उमऱ्याची नियत, म्हणजे संकल्प, केल्यापासून केस कापेपर्यंतची बंधनांची अवस्था; तिच्यात सुगंध चालत नाही. घरी येईपर्यंत कौशाच्या नाक्यावर रिक्षा अर्धा तास अडकली होती आणि मी त्या "बघते"वरच अडकले होते. पाकीट आता समोर टेबलावर आहे. न फोडताही लिंबाचा वास येतोय.

तिला मी काय काय शिकवलं होतं! मधल्या खोलीत स्टुलावर काळी ओढणी टाकून काबा केला, बाजूला दोरीचं अर्धवर्तुळ ठेवून हतीम. दहा वेळा सांगितलं की हतीम काब्याचाच भाग आहे, तवाफची, म्हणजे प्रदक्षिणेची, फेरी त्याच्या बाहेरूनच घ्यायची. मोकळं दिसलं म्हणून मधून गेलीस तर ती फेरी धरली जाणार नाही. शाफई मजहबाच्या, म्हणजे धर्मनियमांच्या त्या पंथाच्या, घरातली म्हणून शाज़रवानसुद्धा सांगितलं, काब्याच्या पायाशी जो उतरता कठडा आहे तो. चालता चालता भिंतीला हात लावला तर हात काब्याच्या हद्दीत आणि पाय बाहेर, म्हणून तेवढी पावलं मोजली जात नाहीत. आणि एहरामात तर भिंतीला, हजरे अस्वदला, म्हणजे काळ्या दगडाला, हात लावायचाच नाही, कारण तिथे अत्तर लावलेलं असतं.

म्हणजे अत्तराचं सांगितलं होतं. काब्याच्या भिंतीवरचं अत्तर सांगितलं, विमानातलं राहिलं.

बिनवासाचा साबण मीच आणून दिला. हॉटेलातला साबण वापरायचा नाही, शाम्पू नाही, पावडर नाही, डोक्याला तेल नाही, हे कागदावर लिहून दिलं. रुमाल त्या कागदावर नाही. मघाशी पुन्हा काढून पाहिला. नाही.

आणि यापेक्षाही जे टोचतंय ते वेगळंच आहे. नियत विमानतळावरच कर, हे तिला मी सांगितलं होतं.

कारण होतं त्याला. मुंबई-जेद्दा पाच-साडेपाच तास. जेद्दा मीकातच्या, म्हणजे एहरामाशिवाय ओलांडायची नसते त्या हद्दीच्या, आत आहे, उतरून एहराम बांधू म्हटलं तर उशीर झालेला असतो. आपली विमानं ताइफजवळच्या करनुल मनाज़िल या मीकातच्या बाजूने जातात, ज्याला आता सैलुल कबीर म्हणतात. उतरायच्या साधारण अर्धा तास आधी घोषणा होते, ती अरबीत आणि इंग्रजीत, घाईघाईत, आणि तेव्हा निम्मं विमान झोपलेलं असतं. नियत न करता मीकात ओलांडली तर परत मीकातवर जाऊन एहराम बांधा, नाहीतर दम, म्हणजे हरमच्या हद्दीत एक बकरा. खालाला गाडीत बसलं की झोप लागते. म्हणून म्हटलं, विमानतळावरच नमाजच्या दोन रकात पढ, नियत कर, लब्बैकचा तल्बिया म्हण, मोकळी हो.

जहाजाच्या काळी हा प्रश्न नव्हता. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी समुद्रमार्गे जात, यलमलम या मीकातच्या समोर जहाज आलं की सगळे मिळून एहराम बांधत. कोण झोपलं असेल तर शेजारचा उठवी. अब्बा सांगायचे ते. अब्बांचा पासपोर्ट... असो.

तर एक मोठी चूक टळावी म्हणून मी तिला सात-आठ तास आधीच एहरामात घातलं. त्या तासांत काय काय येतं याचा विचारच केला नाही. विमानतळाच्या स्वच्छतागृहातला साबण वासाचा. विमानातला साबण वासाचा. जेवणाबरोबरचा रुमाल वासाचा. नियत विमानात, जेवणखाण आटोपल्यावर केली असती तर हाच रुमाल बिनघोर चालला असता. एहराम कपड्याने लागत नाही, नियतीने लागतो. पुरुषांनी दोन चादरी घरून नेसल्या तरी नियत होईपर्यंत त्यांना काही बंधन नाही. हे वाक्य मी प्रत्येक वर्गात म्हणते. खालाच्या बाबतीत तेच विसरले. शिवाय शाफई मजहबात नियत मीकातवर करणंच जास्त चांगलं मानलंय. तेही ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर मघाशी रडू आलं. इतकी वर्षं दर रविवारी बायका येतात, कौशाच्या, राबोडीच्या, तळोज्याच्या, कधी पनवेलहून. गुडघे दुखतात तरी गॅलरीच्या या टोकाची सफा आणि त्या टोकाची मरवा, म्हणजे काब्याजवळच्या दोन टेकड्या, करून मी सात वेळा चालून दाखवते. सफा ते मरवा एक फेरी, परत येणं ही दुसरी, सातवी मरवावर संपते. जाऊन-येऊन एक धरलं की चौदा होतात, आणि एक फेरी साधारण साडेचारशे मीटरची, सात मिळून तीन किलोमीटरच्या वर. चौदा झाले तर सत्तरीच्या बाईचे पाय राहतील का? हे सगळं नीट पार पडलं तर कुणी काही बोलत नाही, बोलायची गरजही नसते. चुकलं की तेवढं माझ्यापाशी येतं. रात्री साडेदहाला हेच मनात येत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं.

नमाज पढून पुन्हा बसले.

मक्केजवळच्या जिरानाची हदीस आठवली. हुनैनच्या लढाईनंतरची गोष्ट, हिजरी सन ८. मक्केतले टॅक्सीवाले आज ज्या ठिकाणासाठी "बडा उमरा, बडा उमरा" म्हणून हाका मारतात, तीच जागा. एक माणूस आला, अंगात जुब्बा, त्याला सुगंध चोपडलेला, आणि विचारू लागला की उमऱ्यात मी काय करू? हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम लगेच बोलले नाहीत. वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, उतरली. मग विचारलं, तो उमऱ्याचं विचारणारा कुठे आहे? आणि त्याला सांगितलं, सुगंध तीन वेळा धुऊन टाक, जुब्बा उतरव, आणि हजमध्ये करतोस तेच उमऱ्यात कर.

फिदया, म्हणजे भरपाई, सांगितला नाही. त्याला माहीत नव्हतं, म्हणून. शाफई आलिम हाच आधार घेतात: विसरून किंवा नकळत सुगंध लागला तर फिदया नाही, कळल्याबरोबर धुवायचं, बस. रुमालाला वास आहे हे खालाला वापरेपर्यंत कळलं नव्हतं, आणि कळल्यावर तिने तोंड साध्या पाण्याने धुतलं होतं. ती स्वतःच म्हणाली तसं. बसमधली बाई हनफी मजहबाची असणार. त्यांच्याकडे अजाणतेपणाची सूट नाही, पूर्ण अवयवाला सुगंध लागला तर दम, आणि चेहरा पूर्ण अवयवच. ती तिच्या मजहबाचं बरोबर बोलली. खालाला ते लागू नाही, एवढंच.

आणि जाणूनबुजून लावलं असतं तरी वाट बंद नव्हती. एक बकरा, नाहीतर तीन रोजे, नाहीतर सहा गरिबांना जेवण, यातलं काहीही एक. हुजूरांचे साथी कअब बिन उजरांच्या डोक्यातल्या उवा हुदैबियात तोंडावर गळत होत्या, तेव्हा त्यांना केस काढायची परवानगी देऊन हेच तीन पर्याय सांगितले होते. मीकात चुकवल्याचा दम वेगळा आणि हा फिदया वेगळा. बायका दोन्हीला दमच म्हणतात आणि घाबरतात.

मग "बघते" का म्हटलं मी? उत्तर माहीत असताना? त्या क्षणी मला रुमालाचा मसला सुचलाच नव्हता, मला माझा सल्ला दिसला होता. तिने उमऱ्याचं विचारलं आणि मी माझ्या चुकीचं ऐकलं. तिला रात्रभर त्या एका शब्दावर ठेवलं.

बाकी तिने सगळं छान केलं. मोजायला मी सात काबुली चणे दिले होते, फेरी झाली की एक चणा डाव्या खिशातून उजव्यात. पाचव्या-सहाव्यात गोंधळ झाला तेव्हा कमी आकडा धरला आणि एक फेरी जास्त घेतली, अगदी सांगितलं तसं. हिरव्या दिव्यासमोर येऊन हजरे अस्वदकडे हात केला, ढकलाढकलीत गेली नाही. मोजे घातले, बाह्या मनगटापर्यंत ठेवल्या. आपल्याकडे परपुरुषाच्या कातडीला कातडी लागली की वुजू, म्हणजे हातपाय धुऊन केलेली पाकी, जातो, आणि मताफात, म्हणजे काब्याभोवतीच्या अंगणात, ते टाळणं फार कठीण, म्हणून आपले कोकणी उस्ताद तिथे तेवढ्यापुरतं हनफी मत घ्यायला सांगतात. एकदा वुजू गेला तर करून आली आणि राहिलेल्या जागेपासून पुढे चालली. मकामे इब्राहीमच्या मागे गर्दी होती तर लांब खांबापाशी दोन रकात पढली, पहिल्यात सूरा काफिरून, दुसऱ्यात सूरा इखलास. सगळे केस एकत्र धरून टोकाला बोटाच्या पेराएवढे कापले. कात्री मोठ्या बॅगेत ठेवली होती, हातातल्या नाही.

डोक्याच्या पांढऱ्या फडक्याचंही लक्षात ठेवलं तिने. पुष्कळ बायका त्यालाच एहराम समजतात आणि वुजूच्या वेळी काढत नाहीत, वरूनच हात फिरवतात. मग मसह, म्हणजे डोक्यावरून ओला हात फिरवणं, होत नाही, वुजू होत नाही, तवाफ होत नाही. बायकांचा एहराम म्हणजे नियत, उघडा चेहरा आणि हातमोज्यांशिवायचे हात. फडकं नुसतं केस सांभाळायला.

साडेअकरा. खालाला फजरनंतर फोन करायचा. आधी फक्त एवढं सांगायचं, उमरा झाला, काही लागलेलं नाही. मग सांगायचं की विमानतळावर नियत कर हे मीच चुकीचं सांगितलं.

कागद बदलला. नियत: जेवणखाण, हात धुणं, सगळं आटोपल्यावर, जेद्दाला पोचायच्या तासभर आधी. मोबाइलवर गजर लावायचा, शेजारणीला सांगून ठेवायचं, समोरच्या पडद्यावर नकाशा असेल तर ताइफ यायच्या आधी. ज्यांना झोपेची फारच भीती आहे त्यांनी आधी करावी, पण मग विमानातला साबण, रुमाल, काही घ्यायचं नाही, स्वतःजवळ साधं सुती फडकं आणि पाण्याची बाटली. आधी मदीनेला उतरणाऱ्यांना हे काही लागत नाही, त्यांची मीकात जुलहुलैफा, मदीनेहून मक्केला जाताना. पाळीच्या तारखा जवळ असतील त्यांना मी मदीना आधीच घ्यायला सांगते, दिवस मिळतात. पाळीत नियत होते, तल्बिया होतो, तवाफ मात्र पाक होईपर्यंत थांबतो, आणि तोवर एहरामातच राहावं लागतं.

जुन्या कागदाच्या प्रती वाटून झाल्यात. तळोज्याच्या दोघी शुक्रवारच्या विमानाने निघतायत. त्यांनाही मी विमानतळावरच कर म्हटलंय. खालाच्या आधी त्यांना फोन करायला हवा.