वर्गप्रतिनिधी ते जी.एस.: बेळगावच्या कॉलेजात मतदान घेण्याचा माझा अनुभव

कर्नाटकात विद्यार्थी संघाच्या थेट निवडणुका तीन दशकांहून अधिक काळ बंद आहेत. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, म्हणजे या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ती धामधूम कधी पाहिलेलीच नाही. पलीकडे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या आमच्या मित्रांचीही तीच गत. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यातल्या कलम ९९ ने थेट निवडणूक कागदावर आणली, पण त्यांच्या हातात मतपत्रिका काही आली नाही.

मग आमच्याकडे उरतं काय? युनियन आणि जिमखाना. काही कॉलेजांत पहिला नंबर काढणारा आपोआप वर्गप्रतिनिधी होतो, काही ठिकाणी वर्गात मतदान होतं आणि निवडून आलेले वर्गप्रतिनिधी (सी.आर.) पुढे जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी, निवडतात. मी विद्यार्थी म्हणून ज्या मतदान समितीत होतो, तिथे दुसरी पद्धत होती. भाषणं आणि घोषणा सगळ्यांना दिसतात, पण निकाल टिकतो की वादात जातो हे अर्जाची छाननी आणि मतपत्रिकेची आखणी ठरवते.

नियमांचा आधार विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीचा घ्यावा. समितीचा अहवाल २००६ चा, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करायला सांगितला. तिथले आकडे सोपे आहेत: पदवीच्या उमेदवाराचं वय १७ ते २२, हजेरी ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली किमान, यापैकी जी जास्त असेल ती, त्या वर्षी विषय राहिलेला नको, पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येतं, खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर बंद, हाताने केलेली चालतात, तीही ठरवून दिलेल्या जागीच. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं १० दिवसांत उरकायचं. वर्गातल्या मतदानाला हे सगळं शब्दशः लावायची गरज नाही, पण प्राचार्यांची सही असलेलं एक पान नियम म्हणून आधीच नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे. तोंडी ठरलेलं काही टिकत नाही.

तारखेचा घोळ दरवर्षीचा. वर्ग सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्यावी असं समिती म्हणते, आणि आपल्याकडे ते आठवडे बऱ्याचदा गणपतीत पडतात. मंडळाची पोरं वर्गात नसतात. पुढे ढकलत गेलात तर १ नोव्हेंबर येतो. कन्नड राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकाच दिवशी, त्या आठवड्यात भाषेवरून आधीच वातावरण तापलेलं. तिथे मतदान ठेवायचंच नाही. वेळ सकाळी १० ते १२:३०. खानापूर, उचगाव, येळ्ळूरकडची मुलं पास काढून बसने येतात. दुपारची बस चुकली की पुढचीसाठी ताटकळावं लागतं, त्यामुळे दुपारी कुणी थांबत नाही. मतदान दुपारी ठेवलं तर शहरातल्यांचीच मतं पडतात आणि मग गावाकडचे म्हणतात, मुद्दाम केलं. त्यांचं चूक नसतं.

छाननीत सगळ्यात जास्त भांडणं हजेरीवरून. सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असतं, चालू हजेरीला अर्थ नसतो, म्हणून मागच्या सेमिस्टरची धरायची हे नियमातच लिहा. पहिल्या वर्षाच्या मुलांना मागचं सेमिस्टर नसतं, त्यांना सूट. निकाल लागायचा असेल किंवा पेपर रिव्हॅल्युएशनला असेल तर काय, हेही आधी ठरवा. आम्ही 'अर्जाच्या शेवटच्या तारखेला ऑफिसच्या नोंदीत जे असेल ते' असं धरलं. वयाला पुरावा एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डचा. अर्जावर सूचक आणि अनुमोदक त्याच वर्गातले हवेत, आणि एकाने दोन अर्जांवर सही करायची नाही. हा नियम नसला की पाच-सहा दोस्त एकमेकांचे सूचक होऊन सगळेच उभे राहतात. माघारीला स्वतः येऊन लेखी अर्ज. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मी मागे घेतो' म्हटलेलं धरायचं नाही, कारण संध्याकाळी तोच मुलगा 'माझा फोन दुसऱ्याकडे होता' म्हणतो.

मतपत्रिकेवर नावांचा क्रम कसा लावायचा, हा इथला खास प्रश्न. मराठी आणि कन्नडची वर्णमाला एकाच क्रमाची, त्यामुळे उमेश वर आणि किरण खाली. इंग्रजी स्पेलिंगने लावलं की उमेश तळाला. वरच्या नावाला फायदा होतो असं सगळे मानतात, म्हणून वाद अटळ. यावर उपाय एकच: उमेदवारांसमोर चिठ्ठ्या टाकून क्रमांक ठरवणे. नाव तिन्ही लिप्यांत, पुढे वडिलांचं नाव आणि गाव. एका वर्गात दोन संतोष पाटील असणं बेळगाव तालुक्यात काही नवल नाही.

ए-४ कागदावर आठ मतपत्रिका बसतात. नावं एकाखाली एक, उजवीकडे खूण करायचा चौकोन. घडी आधी उभी घालायला सांगा. शाई ओली असली तरी डाग त्याच नावासमोर उमटतो. आडवी घातली की दुसऱ्या उमेदवारावर उमटतो आणि मोजताना रडारड. शिक्क्यापेक्षा बॉलपेन बरं. प्रत्येक पत्रिकेमागे प्राध्यापकांची सही, आणि ती वाटण्याच्या वेळी. आदल्या दिवशी करून ठेवलेला गठ्ठा कुठेही जाऊ शकतो.

पेटी रिकामी दाखवून, कागदी पट्टीवर उमेदवारांच्या सह्या घेऊन बंद करायची. मोजणीआधी हिशेब जुळवायचा: समजा ८८ पत्रिका छापल्या, ६४ दिल्या, ३ खराब होऊन बदलून दिल्या, तर कोऱ्या २१ उरल्याच पाहिजेत आणि पेटीत ६४. हे जुळल्याशिवाय एकही घडी उघडू नये. बाद कशाला म्हणायचं ते नमुना दाखवून आधीच ठरवा: दोन खुणा, नाव लिहिलेलं, सही केलेली. एकदा नावं दिसू लागली की प्रत्येक बाद मताला जात, गाव आणि भाषा चिकटते. समान मतं पडली तर चिठ्ठी.

प्रचाराबद्दल एवढंच, की फक्त मराठी मुलांत फिरणारा किंवा फक्त कन्नड मुलांत फिरणारा उमेदवार बी.कॉम.सारख्या मिश्र वर्गात सहसा मागे पडतो. दोन्हीकडे जाऊन झेरॉक्स, बसची वेळ, लायब्ररीची पुस्तकं यावर बोलणारा पुढे जातो. एका भाषेतलं पोस्टर लावलं की दुसऱ्या दिवशी फाटलेलं सापडतं. एकाच कार्डशीटवर तिन्ही भाषा घ्याव्यात.

जी.एस.च्या मतदानात गणित बदलतं. १८ सी.आर. असतील तर १० मतांचा जी.एस.; त्यातलं एक मत फिरलं की ९-९. म्हणून वर्गातले निकाल आणि जी.एस.चं मतदान यात जितके जास्त दिवस, तितकी फोडाफोडी आणि फुकटच्या पार्ट्या. शक्य तर दुसऱ्याच दिवशी घ्या. इथे गुप्ततेची काळजी जास्त, कारण १८ जणांचं अक्षर सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना एकाच रंगाचं पेन आणि फक्त बरोबरची खूण.

निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब घ्यावा, कार्डशीट आणि मार्करच्या पावत्यांसकट. तक्रारीला लिंगडोहमध्ये तीन आठवडे आहेत, तोवर मतपत्रिका पाकिटात सील करून प्राचार्यांच्या कपाटात ठेवाव्यात. आणि पाकिटावर वर्ग आणि तारीख लिहा. सगळी तपकिरी पाकिटं सारखीच दिसतात.