लॅमिनेट केलेली चिठ्ठी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "डॉक्टर, दुखण्याच्या गोळीला एवढी चौकशी कशाला? मेडिकलवाला नाव लिहून घेतो, तुम्ही जुन्या चिठ्ठ्या मागता. आम्ही काय चोर आहोत का?" सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी हे ऐकावं लागतं.

चौकशी पॅरासिटामॉलची नसते, ट्रामाडॉलसारख्या, सवय लावू शकणाऱ्या जोरदार वेदनाशामक गोळ्यांची असते. ट्रामाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवर आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. 2014 पासून अशा औषधांसाठी डॉक्टर, पेशंट, औषध आणि किती गोळ्या दिल्या, हे सगळं दुकानदारानं वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. 2018 मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार कंबर धरून आले आणि खिशातून ट्रामाडॉलची चिठ्ठी काढली. रेशनकार्डाला करतात तशी लॅमिनेट केलेली! "औषध मारताना भिजती हो," म्हणाले. मला हसू आलं. मग लक्षात आलं, औषध दिल्यावर मेडिकलवाला चिठ्ठीवर शिक्का मारतो आणि प्लास्टिकवरचा शिक्का अंगठ्यानं पुसला जातो. तासगाव, सांगली, मिरज, तिन्हीकडे हीच चिठ्ठी फिरली होती. तिन्ही वह्यांत नोंद होती, पण एका वहीचा दुसरीला पत्ता नाही. चिठ्ठीवर पाच दिवस लिहिलेले, तारीख आठ महिन्यांपूर्वीची. सही माझीच.

गोळी चुकली की त्यांना घाम फुटायचा, रात्रभर डोळा लागायचा नाही. एकदम बंद करून चालत नाही. डोस उतरवायला कितीतरी आठवडे गेले.

अमेरिकेत डॉक्टरला चिठ्ठी लिहिण्याआधी पेशंटनं कुठून काय घेतलंय ते कॉम्प्युटरवर बघता येतं. तिथले डॉक्टरही वेळ जातो म्हणून कुरकुरतात. इथले माझे मित्र म्हणतात, हे पोलिसांचं काम झालं. मला मात्र ती सोय हवी आहे. त्या आठ महिन्यांत एकदा जरी दिसलं असतं!

भीती वेगळीच आहे. अमली पदार्थांच्या त्याच 1985 च्या कायद्याचा धाक एवढा, की कॅन्सरच्या असह्य वेदनांवरचं मॉर्फिन ठेवायलाच दवाखाने कचरायचे. 2014 च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी केली, तरी "ती वही नको, ती कटकट नको" म्हणणारे अजून आहेत. जतच्या एका आजीला कॅन्सर होता. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी लागायची. मुलगा त्यासाठी एसटीनं मिरजेला यायचा. एकदा गोळ्या संपल्या आणि गाडी चुकली. ती रात्र त्या घरानं कशी काढली ते त्यानं मला सांगितलं, मी इथे लिहीत नाही. नोंद ठेवा, पण तिच्या धाकानं त्या आजीची गोळी अडता कामा नये.

ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हल्ली मी अशा प्रत्येक चिठ्ठीवर लाल शाईनं "पुन्हा देऊ नये" लिहितो. परवा मेडिकलवाल्याचा फोन आला, "डॉक्टर, ते लाल शाईत काय लिहिलंय? अक्षर लागंना."