पोटरीवरचा पट्टा

लेकीच्या पोटरीवरचा डाग पाहून सासूबाईंनी विचारलं, "कोड तर नव्हे?" कोड नव्हतं. कोडात नुसता रंग जातो, कातडी मऊच राहते. इथं मधोमध कातडी पांढुरकी, मेण चोपडल्यासारखी चकचकीत होती आणि चिमटीत येतच नव्हती. कडेला फिकट जांभळी रेघ. ही रेघ दिसते आहे तोवर आजार जोरात आहे, हे पुढे कळलं.

आधी एक मलम झालं, मग दुसरं. तोवर डागाचा पट्टा होऊन घोट्याकडे उतरला. शेवटी मुलांच्या रुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलं. कातडीला संधिवाताचा डॉक्टर कशाला, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. त्यांनी तिला उकिडवं बसवलं, चवड्यांवर चालवलं, टेप घेऊन दोन्ही पायांची लांबी आणि पोटऱ्यांचा घेर मोजला. डावी पोटरी बारीक भरली. लिनिअर स्क्लेरोडर्मा, म्हणजे पट्ट्यासारखी कातडी कडक होत जाण्याचा आजार. तो कातडीखालची चरबी, स्नायू, कधी हाडही धरतो. वाढत्या वयात पाय आखूड राहू शकतो. नुसत्या मलमानं तिथं काय होणार?

रात्री नेटवर 'स्क्लेरोडर्मा' टाकलं आणि फुप्फुसं, किडन्या असलं काहीबाही वाचून माझी झोप उडाली. तो अंगभर पसरणारा प्रकार वेगळा. मुलांमधला हा सहसा तिकडे वळत नाही. डोळे मात्र तपासायला लावले, कारण काही खुपत नसतानाही आत सूज असू शकते.

औषध मेथोट्रेक्सेट, सोबत सुरुवातीला स्टेरॉइड. "हे कॅन्सरचं ना?" नवऱ्यानं विचारलंच. इथं मात्रा पुष्कळ कमी असते, आणि आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर शनिवार लाल केले. रविवारी मळमळते, पण शाळा बुडत नाही. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी. इटलीतल्या डॉक्टरांनी 70 मुलांवर केलेला अभ्यास 2011 मध्ये छापून आला: मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत साधारण तिसऱ्या हिश्शाच्या मुलांचा आजार पुन्हा उफाळला, नुसत्या स्टेरॉइडवरच्यांत दोन तृतीयांशांहून जास्त. ते वाचून नवरा गप्प झाला.

जांभळी कड आता गेली. तपकिरी डाग उरलाय, फिजिओथेरपी चालू आहे. "आता थांबवा की गोळ्या," सासूबाई म्हणतात. आजार शांत झाल्यावरही निदान वर्षभर द्यायच्या असतात.