अरबी नोंदवही : कहवा

सध्या एकच शब्द घोटतोय, कहवा. म्हणजे कॉफी. अक्षरं चारच: काफ, हा, वाव आणि ता मरबूता. पण मधला 'हा' छळतो. शब्दाच्या मध्ये आला की त्याची वरखाली दोन फासांची गाठ होते आणि माझा खालचा फास चेपलेलाच येतो. पुढचा वाव डावीकडच्या अक्षराला जोडायचाच नसतो, म्हणून ता मरबूता डोक्यावर दोन टिंबं घेऊन शेवटी सुटी उभी.

उच्चाराचं प्रकरण वेगळंच. पुस्तकी काफ पार पडजिभेपाशी काढायचा, आपला 'क' फार पुढे पडतो. कैरोत तर तो काफ गिळूनच टाकतात आणि 'अह्वा' म्हणतात. आखातात 'गहवा' ऐकू येतं. मी आधी पुस्तकी उच्चार पक्का करणार, बोलीभाषा नंतर.

कैरोत कॉफी मिळते त्या अड्ड्यालाही अह्वाच म्हणतात. साखर कॉफी उकळतानाच पडते, त्यामुळे आधीच सांगायचं: 'सादा' म्हणजे बिनसाखरेची, 'मजबूत' म्हणजे बेताची गोड, 'झियादा' म्हणजे चांगलीच गोड. 'मजबूत' मागवून कडक कॉफीची वाट बघणारा मराठी माणूस मला आत्ताच दिसतोय!

जुन्या अरबी कवितेत मात्र कहवा म्हणजे चक्क दारू. कॉफीला हे नाव मागाहून चिकटलं. 15व्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रला, म्हणजे देवाच्या नामस्मरणाला, जागं राहायला ती पीत. 1511 मध्ये खैर बेग या अधिकाऱ्याने मक्केत तिच्यावर बंदी आणली, ती फार टिकली नाही.

आखाती गहवा काळी नसते. बिया हलक्या भाजतात, वेलदोडा सढळ हाताने घालतात, दूधसाखर नाही. गोडाला सोबत खजूर. 2015 मध्ये युनेस्कोने या कॉफीच्या पाहुणचाराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते संयुक्त अरब अमिराती, सौदी, ओमान आणि कतार यांच्या नावाने. डाव्या हातात दल्ला, म्हणजे लांब चोचीची किटली, आणि उजव्या हाताने पाहुण्यापुढे बिनकानाचा फिंजान, म्हणजे छोटा पेला. तो जेमतेम पाव भरतात. पुरे झालं की रिकामा फिंजान हलकेच हलवायचा, नाहीतर वाढणारा पुन्हा ओततो.

पुढचा शब्द फिंजानच घेतलाय. त्यातल्या जीमचा कैरोत 'ग' होतो, म्हणजे तिथे 'फिंगान'. काफ घोटून झाला की जीम.